घरच्या शेडसाठी स्प्रिंगची केबल रील : निवड, जोडणी आणि चाचणीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये वापरण्यासाठी स्प्रिंगची केबल रील घ्यायचे ठरले आहे, म्हणजे ओढली की लांब होणारी आणि हलका झटका देऊन सोडली की आपोआप गुंडाळली जाणारी. शेड ३२ फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. त्यात ट्रॅक्टर, मोटारसायकली, फवारणीचे पंप, कंप्रेसर आणि दुरुस्तीचे टेबल असते. शिवाय वेचणी सुरू झाली की पूर्वेकडचा भाग कापसाच्या ढिगाने व्यापला जातो आणि मनासारखा भाव मिळेपर्यंत तो ढीग तिथेच राहतो. विजेचा बोर्ड मात्र दाराजवळच्या कोपऱ्यात एकच आहे. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला ग्राइंडर चालवायचा असला की ३० मीटरची जुनी चपटी वायर जमिनीवरून न्यावी लागते. ती ट्रॅक्टरच्या चाकाखाली येते, तिच्यावर डिझेल सांडते, आणि काम संपल्यावर ती गुंडाळायला कोणी तयार नसते.

या जुन्या वायरीत दोनच तारा आहेत, अर्थिंगची तिसरी तार नाही. लोखंडी अंगाचे यंत्र अशा वायरीवर ओल्या जमिनीत चालवणे जीवावर बेतू शकते, म्हणून नवी रील येवो वा न येवो, ही वायर आजपासून शेडमधून बाद केली आहे.

११ नोव्हेंबर

बाजारात जाण्यापूर्वी रीलवर नेमके काय चालणार आहे, हे लिहून काढले. चार इंची ग्राइंडर ८५० वॅटचा आहे, ड्रिल ६०० वॅटचे, बॅटरीचा चार्जर आणि एलईडीचा हातदिवा किरकोळ. ट्रॅक्टर धुण्याचा प्रेशर वॉशर दीड हजार वॅटच्या पुढे जातो, पण तो अंगणात लागतो. खरा प्रश्न दोन अश्वशक्तीच्या कंप्रेसरचा आहे. चालू असताना तो सुमारे १० अँपिअर घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाचपट तरी मागतो.

जुन्या वायरीवर संध्याकाळी हा कंप्रेसर नुसता घुमतो आणि सुरू होत नाही, याचे कारण कागदावर सहज सापडते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचीक तारेचा रोध किलोमीटरला २६ ओहम असतो. ३० मीटर जाऊन ३० मीटर परत, अशी ६० मीटरची तार धरली तर तो १.५६ ओहम होतो. रब्बीच्या ओलितासाठी गावातल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की शेडच्या बोर्डावर २०५ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. सुरू होतानाचा प्रवाह या तारेतून जाऊ लागला की मोटारीच्या टोकाला ढोबळ हिशेबाने १५५ ते १६० व्होल्टच उरतात. मोटारीचा सुरुवातीचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे २३० व्होल्टवर मिळणाऱ्या जोराच्या निम्म्याहूनही तो कमी भरतो. टाकीत थोडी हवा शिल्लक असेल, तर एवढ्या जोरावर दट्ट्या हलत नाही.

कंप्रेसर कोणत्याच रीलवर चालवायचा नाही, हा निर्णय इथेच झाला.

१३ नोव्हेंबर

दादांना हा हिशेब दाखवला. त्यांचे म्हणणे रोखठोक होते : "भिंतीले चार पॉइंट मारून टाक, ड्रम कायले पाह्यजे?" या म्हणण्यात तथ्य आहे. भिंतीत पक्के बसवलेले सॉकेट हे कोणत्याही एक्स्टेन्शनपेक्षा चांगले, कारण त्यात हलणारा भाग नसतो आणि तार ताणली जात नाही. मात्र आमच्या शेडच्या दोनच बाजूंना विटांची भिंत आहे, उरलेल्या दोन बाजू टिनाच्या आहेत, आणि ज्या यंत्रावर काम करायचे ते नेहमी मध्यभागी उभे असते. चार पॉइंट लावूनही तिथपर्यंत पोहोचायला पाच-सहा मीटरची वायर लागणारच, आणि ती पुन्हा जमिनीवर लोळणार. म्हणून दोघांचेही ठेवले : कंप्रेसरसाठी भिंतीत स्वतंत्र १६ अँपिअरचे सॉकेट, आणि हातातल्या हत्यारांसाठी रील.

कंप्रेसरच्या सॉकेटपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तार आठ मीटर न्यावी लागेल. तिचा जाण्यायेण्याचा रोध ०.१३ ओहमच भरतो, त्यामुळे त्याच २०५ व्होल्टच्या संध्याकाळीही सुरू होताना मोटारीला २०० व्होल्ट मिळतील आणि जोर तीन चतुर्थांशाच्या आसपास राहील.

१७ नोव्हेंबर, रविवार

वर्ध्याच्या बाजारात पाहणी केली. हाताने फिरवायचे ड्रम जवळजवळ प्रत्येक मोठ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. स्प्रिंगची रील मात्र मोजक्याच ठिकाणी होती, आणि तिची किंमत हाताच्या ड्रमच्या कितीतरी पट होती. एवढे जास्त पैसे कशाचे, हे समजून घेण्यासाठी दुकानदाराने दुरुस्तीला आलेली एक रील उघडून दाखवली. ते पाहणे फार उपयोगी पडले.

हाताच्या ड्रममध्ये सॉकेट ड्रमवरच असतात आणि प्लगचे टोक ओढत भिंतीकडे न्यायचे असते, त्यामुळे आत घसरणारा जोड लागत नाही. स्प्रिंगच्या रीलमध्ये उलटे आहे : प्लगचे टोक बोर्डात कायम राहते आणि सॉकेटचे टोक आपण ओढतो. म्हणजे स्थिर असलेल्या तारेतून फिरणाऱ्या ड्रममधल्या तारेत वीज जायला हवी. त्यासाठी ड्रमच्या आसाभोवती तांब्याच्या किंवा पितळेच्या तीन कड्या असतात, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यासाठी एकेक, आणि त्यांच्यावर स्प्रिंगने दाबलेल्या पट्ट्या किंवा कार्बनचे तुकडे टेकलेले असतात. उघडलेल्या रीलमधली एक कडी काळी पडली होती आणि तिच्या शेजारचे प्लॅस्टिक वितळून वाकले होते. सैल जोडातून जास्त प्रवाह गेला की तो तापतो, तापल्याने पट्टीचा ताण जातो, आणि ताण गेल्याने तो आणखी तापतो.

दुसरा भाग म्हणजे पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग आणि तिला अडवणारे दात्याचे चाक. ओढताना कटकट असा आवाज येतो तिथे थांबले की वायर अडकून राहते, आणि पुन्हा थोडी ओढून सोडली की सुटते. स्प्रिंगचे घर स्वतः कधीही उघडू नये, असे दुकानदाराने बजावले. ताणलेली पोलादी पट्टी बाहेर उसळली तर हात फाडते, हे पाहताक्षणी पटले.

१८ नोव्हेंबर

किती लांबीची रील घ्यावी, याचा निकाल दोरी घेऊन लावला. बोर्डाच्या कोपऱ्यात रील टांगली, तर समोरच्या कोपऱ्यापर्यंत ट्रॅक्टरला वळसा घालून जायला आणि हत्यार हाताळण्याइतकी ढील ठेवायला २० मीटरहून अधिक वायर लागते, आणि दुकानातून सहजच ३० मीटरची रील गळ्यात पडते. तीच रील लांब बाजूच्या मधल्या लोखंडी खांबावर टांगली, तर सगळ्यात दूरचा कोपरा वळशासकट साडेबारा मीटरच्या आत येतो. टांगण्याची जागा बदलल्याने निम्मी लांबी वाचली.

लांबी वाचण्याचे महत्त्व केवळ पैशांत नाही. रीलची वायर आणि रीलपासून प्लगपर्यंतची दीड मीटरची शेपटी मिळून साडेसोळा मीटर धरली, तर जाण्यायेण्याची ३३ मीटर तार होते. १ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध किलोमीटरला १९.५ ओहम, १.५ चा १३.३ आणि २.५ चा ७.९८ असतो. यावरून १० अँपिअर प्रवाहाला १ च्या तारेत ६.४ व्होल्ट, १.५ च्या तारेत ४.४ आणि २.५ च्या तारेत २.६ व्होल्ट गळतात. ३० मीटरच्या रीलमध्ये १.५ चीच तार असली, तरी गळती ८.४ व्होल्टवर जाते.

१९ नोव्हेंबर

कालच्या हिशेबात दाबाची गळती पाहिली, पण तेवढ्यावर निवड करणे अपुरे होते. गळलेल्या व्होल्टची उष्णता होते आणि ती रीलमध्ये कुठे जाते, हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

१.५ च्या साडेसोळा मीटर तारेत १० अँपिअर गेले, तर ४४ वॅट उष्णता निर्माण होते. वायर जमिनीवर पसरलेली असेल, तर ती प्रत्येक मीटरवर वाटली जाते आणि हाताला जेमतेम कोमट लागते. तीच वायर ड्रमवर थरावर थर गुंडाळलेली असेल, तर आतल्या थरांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आणि प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ती साठत राहते. साध्या पीव्हीसीच्या आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. त्यापुढे ते मऊ पडते आणि कालांतराने तारा एकमेकींना टेकू शकतात.

म्हणूनच चांगल्या रीलवर दोन आकडे छापलेले असतात : गुंडाळलेल्या स्थितीत किती वॅट आणि पूर्ण उलगडलेल्या स्थितीत किती वॅट. एका रीलवर १००० आणि ३००० असे आकडे होते. प्रथमदर्शनी हा फरक अवास्तव वाटतो, पण १००० वॅटला सुमारे ४.३५ अँपिअर आणि ३००० ला १३ अँपिअर लागतात, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. आमच्या लांबीच्या तारेत ८ वॅटवरून थेट ७५ वॅटवर. ज्या रीलवर एकच मोठा आकडा छापला आहे, तो आकडा कोणत्या स्थितीतला, हे विचारल्यावर दुकानात कोणाला सांगता आले नाही. अशा रीलचा विचार सोडून दिला.

घरगुती केबल रीलसाठी आयईसी ६१२४२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आमच्या शेडमध्ये कापूस असतो, हे ध्यानात घेता तापल्यावर आपोआप वीज तोडणारा कट-आउट रीलमध्ये असलाच पाहिजे, ही अट पहिल्या क्रमांकावर ठेवली. कापूस पेटायला ज्वाळाच लागते असे नाही. कापूस शेडमध्ये असेपर्यंत ग्राइंडर बाहेर अंगणातच चालवायचा, हा आमच्या घरचा नियम जुनाच आहे आणि रील आल्यानेही तो बदलणार नाही.

२० नोव्हेंबर

आज विधानसभेच्या मतदानाची सुट्टी असल्याने वायरमन काकाजी मोकळे होते. मतदान करून आल्यावर त्यांनी शेडची जोडणी तपासली. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१८ व्होल्ट मिळाले, फेज आणि अर्थिंगमध्ये मात्र १७० च्या खाली, म्हणजे अर्थिंग नीट लागत नव्हती. अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत आहे. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, दांड्याभोवतीचा कोळसा-मिठाचा थर सुटा पडतो, आणि पावसाळ्यानंतरही तो पूर्वीसारखा दाबून बसत नाही. काकाजींचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो : "भाऊ, ड्रम कितीबी भारी घ्या, अर्थिंग कोरडी असन तं काई कामाचा नाई."

खड्डा उकरून नव्याने भरायचा, त्यात पाणी घालण्यासाठी पाइप ठेवायचा, आणि शेडच्या वेगळ्या पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारे उपकरण, बसवायची, असे ठरले. रीलच्या सॉकेटसाठी १० अँपिअरची एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारी खटकी) आणि कंप्रेसरसाठी १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी घ्यायची. सी प्रकार मोटारीच्या सुरुवातीच्या धक्क्याला लगेच पडत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

नागपूरला इतवारीत जाऊन आणखी पर्याय पाहिले. अमेरिकी बाजारासाठी बनवलेली एक रील दिसायला सगळ्यात दणकट होती आणि किंमतही मोहात पाडणारी होती. तिच्यावर १४ गेजची तार लिहिली होती. अमेरिकी गेजमध्ये आकडा जितका लहान तितकी तार जाड. १४ गेज म्हणजे सुमारे २.०८ चौरस मिलिमीटर, १२ गेज म्हणजे ३.३१, आणि १६ गेज म्हणजे जेमतेम १.३१. तार चांगलीच जाड होती, पण ती रील १२० व्होल्टसाठी आहे; तिचे सॉकेट आणि आतले ब्रेकर १२५ व्होल्टपुरते बनवलेले असतात, आणि आपल्या प्लगच्या गोल पिना तिच्यात बसतही नाहीत. अडॅप्टर लावून २३० व्होल्टवर ती चालवा, असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नये.

युरोपी पद्धतीच्या रील २३० व्होल्टच्या असल्याने दाबाचा प्रश्न येत नाही, पण त्यांचा प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावे लागतात. दोन्ही टोके कापून आयएस १२९३ या भारतीय मानकाप्रमाणे तीन पिनांचे प्लग-सॉकेट बसवता येतात, मात्र त्यानंतर वॉरंटीचा आग्रह धरता येत नाही.

काही रीलवर सगळ्या देशांचे प्लग बसतील असे अनेक भोकांचे सॉकेट होते. असे सॉकेट सोयीचे दिसते, पण कोणत्याच पिनेला घट्ट धरत नाही, आणि ग्राइंडरच्या कंपनाने प्लग हळूहळू बाहेर सरकतो. सैल पिना तापतात. ते टाळले.

२.५ चौरस मिलिमीटर तारेची स्प्रिंगची रील मिळेल का, हेही विचारले. एका ठिकाणी होती, कारखान्यात लागणारी, लोखंडी पेटीची. तीन तारांची १.५ ची वायर मीटरला सुमारे १०० ग्रॅम भरते आणि २.५ ची दीडपटीहून जास्त. त्या वजनाला ओढणारी स्प्रिंगही तितकीच ताकदीची लागते आणि ड्रमही मोठा होतो. ती रील ओढून पाहिली, तेव्हा एका हाताने ग्राइंडर धरून दुसऱ्या हाताने ओढावी अशी ती नाही, हे स्पष्ट झाले. कंप्रेसर रीलवरून काढून टाकलेला असल्यामुळे तिची गरजही उरली नव्हती.

१ डिसेंबर

रील घेतली. १५ मीटर, तीन तारांची, १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरचे एकच सॉकेट, गुंडाळलेली १००० वॅट आणि उलगडलेली ३००० वॅट, तापल्यावर तुटणारा आणि बटण दाबून पुन्हा चालू करायचा कट-आउट, भिंतीवर डावीउजवीकडे फिरणारा कंस. वायरीच्या आवरणावर आयएस ६९४ हा वायरींच्या भारतीय मानकाचा क्रमांक, आयएसआयची खूण आणि परवाना क्रमांक छापलेला आहे.

एकाच सॉकेटची निवड जाणूनबुजून केली. तीन सॉकेट दिसले की तीन यंत्रे लागतात.

८ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस चाचणीचा. वायर खरोखर १.५ ची आणि शुद्ध तांब्याची आहे का, हे आवरणावरच्या छपाईवरून पूर्णपणे ठरत नाही. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारेच्या वायरी असतात. अशा तारेचा रोध त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो, आणि ती वारंवार वाकवल्यावर लवकर तुटते, जे रीलच्या कामात विशेष घातक आहे.

घरच्या घरी करता येण्याजोगी चाचणी अशी. पाणी तापवायची १५०० वॅटची रॉड बादलीत ठेवून रीलच्या टोकाला लावायची, आणि एक मल्टिमीटर बोर्डाच्या शेजारच्या सॉकेटात, दुसरे रीलच्या टोकाला ठेवून दोन्ही आकडे एकाच वेळी वाचायचे. त्याआधी दोन्ही मीटर एकाच सॉकेटात लावून ते सारखे दाखवतात की नाही, हे पाहून घ्यायचे. दाब सतत हेलकावत असल्यामुळे अनेकदा वाचून मधला आकडा धरावा. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालू नये, हे सांगायला नकोच, तरी घरात लहान मुले असल्याने बादली टेबलावर ठेवली.

बोर्डावर २१२ व्होल्ट असताना या रॉडमधून सुमारे ५.९ अँपिअर जातात. वायर संपूर्ण उलगडलेली होती. साडेसोळा मीटरच्या १.५ च्या तारेत त्या प्रवाहाला २.६ व्होल्ट गळायला हवेत. प्रत्यक्षात ३.१ मिळाले. अर्ध्या व्होल्टचा फरक घसरत्या कड्यांचा आणि पिनांचा आहे, आणि तो मान्य करण्याजोगा आहे.

तुलनेसाठी शेजारून हाताने फिरवायचा २० मीटरचा ड्रम आणला, त्याच्यावरही १.५ लिहिलेले आहे. त्याच रॉडला त्यात ३.१५ व्होल्ट गळायला हवे होते, मिळाले ५.४. मालकाच्या परवानगीने टोकाची एक बारीक तार ब्लेडने खरवडली, तर आत पांढरी निघाली. त्यांना ड्रमवर दिव्याशिवाय काही लावू नका, असे सांगितले.

अर्थिंगच्या कडीसाठी वेगळी चाचणी घेतली. वीज बंद करून, प्लग बोर्डातून काढून, प्लगची मोठी पिन आणि सॉकेटचे मोठे भोक यांना मीटर लावले आणि वायर हळूहळू शेवटपर्यंत ओढून परत गुंडाळू दिली. मीटरचा आकडा कुठेही उडाला नाही. मधेच कुठे तो उडाला असता, तर रील परत करायची होती, कारण फेज तुटला तर यंत्र बंद पडते आणि कळते, अर्थिंग तुटली तर धक्का बसेपर्यंत कळत नाही.

१५ डिसेंबर

रील खांबावर चढवली. भिंतीतल्या विटांचे सांधे मातीचे असल्यामुळे तिथे बोल्ट धरवत नाही. म्हणून लोखंडी पट्टी यू क्लॅम्पने खांबाला आवळून तिच्यावर कंस बसवला. उंची सात फूट. त्याहून उंच नेली, तर बटण दाबायला स्टूल लागते. खाली घेतली, तर ट्रॉली मागे घेताना लागण्याची भीती आहे. शेपटीसाठी खांबावरच नवे सॉकेट दिले, त्याची तार पाइपमधून नेली. टिनाला ती कुठेही घासत नाही आणि उंदरांनाही सहज सापडत नाही.

वायरीवरचा रबरी गोळा कंबरेच्या उंचीवर अडेल असा सरकवला. आईला आणि वहिनींना ओढून-सोडून दाखवले. गुंडाळताना टोक हातात धरूनच सोबत चालत यायचे, मोकळे सोडायचे नाही. मोकळे सोडलेले टोक वाटेत कोणाच्याही तोंडावर बसू शकते.

१२ जानेवारी २०२५

कापूस अजून शेडमध्येच आहे, त्यामुळे रीलवर फक्त हातदिवा, चार्जर आणि ड्रिल. कापसाचे तंतू वायरीला चिकटून रीलच्या तोंडाशी जमतात. गुंडाळताना दुसऱ्या हातात कोरडे फडके धरून वायर त्यातून जाऊ देतो.

१६ मार्च

कापूस विकला गेला. शेड झाडून काढले आणि ग्राइंडर पहिल्यांदा रीलवर चालवला. नियम कागदावर लिहून खांबाला चिकटवला : ग्राइंडर लावण्यापूर्वी वायर पूर्ण ओढायची, काम दोन हातांवर असले तरी. उरलेली वायर ट्रॅक्टरच्या मागे मोकळी पडू द्यायची, तिची गुंडाळी करायची नाही. दादांना हा नियम जाचक वाटतो आणि त्यांची तक्रार रास्तही आहे, कारण आपोआप गुंडाळली जाणारी वस्तू घेऊन ती दर वेळी पूर्ण उलगडायची, तर सोय निम्मी उरते. माझे मत असे की उरलेली निम्मी सोय, म्हणजे काम संपल्यावर वायर जमिनीवर न राहणे, हीच मुळात हवी होती.

११ मे, रविवार

दुपारी तीन वाजता टिनाच्या लगेच खाली ५३ अंश आणि रीलच्या उंचीवर ४६ अंश तापमान भरले. आपल्याकडचे तारेच्या क्षमतेचे तक्ते बहुधा ४० अंश हवा धरून केलेले असतात. ७० अंशांच्या मर्यादेपर्यंत ४० वर ३० अंशांची जागा उरते, ४६ वर २४ अंशांची आणि ५५ वर अवघी १५ अंशांची. जागा निम्मी झाली की सोसवणारी उष्णताही निम्मी होते आणि प्रवाह सुमारे सात दशांशावर आणावा लागतो. रील छताच्या कैचीला, टिनाला लागून टांगण्याचा एक विचार होता, कारण परदेशी माहितीपत्रकांत ती छतालाच टांगलेली दाखवतात. विदर्भातल्या टिनाखाली ते चित्र लागू पडत नाही.

मुद्दाम एक प्रयोग केला. वायर दोन मीटरच ओढून, बाकीची ड्रमवर ठेवून, रॉड लावली आणि शेजारी बसून राहिलो. पेटी हाताला नकोशी तापली आणि कट-आउटने वीज तोडली. थंड होईपर्यंत बटण लागत नव्हते, जे योग्यच आहे. डिसेंबरात हाच प्रयोग केला होता, तेव्हा पेटी फक्त गरम झाली होती, कट-आउट पडला नव्हता. उन्हाळ्यात गुंडाळलेल्या स्थितीतला १००० वॅटचा आकडा ७०० समजून वापरायचा, असे खांबावरच्या कागदावर खाली लिहिले.

अर्थिंगच्या पाइपमधून दर आठवड्याला दोन बादल्या पाणी घालतो. आज फेज आणि अर्थिंगमध्ये २११, फेज आणि न्यूट्रलमध्ये २१४ व्होल्ट. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबले, ती पडली.

१ जून

अंगणात प्रेशर वॉशरसाठी दुसरी रील घ्यावी का, असे वहिनींनी विचारले, कारण ट्रॅक्टर पेरणीपूर्वी धुवायचा आहे. घेणार नाही. शेडमधली रील पाण्याच्या शिंतोड्यांसाठी बनवलेली नाही, आणि शिंतोडे सोसणारी आयपी ४४ दर्जाची, स्प्रिंगची आणि दीड हजार वॅट सतत पेलणारी रील शोधण्यापेक्षा घराच्या मागच्या भिंतीला झाकणाचे १६ अँपिअरचे सॉकेट बसवणे स्वस्त आणि टिकाऊ आहे. वॉशरची स्वतःची पाच मीटरची वायर तिथून धुण्याच्या जागेपर्यंत पोहोचते. वायरमन काकाजींना सॉकेट, आठ मीटर २.५ ची तार आणि पाइप यांची यादी दिली आहे. ते मृगापूर्वी येतो म्हणाले आहेत.